सातव्या महिन्यातली साखर

कुडपण हे पोलादपूर तालुक्याच्या टोकाचं गाव. रायगड जिल्हा इथे संपत येतो. एका अंगाला सातारा, दुसऱ्या अंगाला रत्नागिरी. पावसाळ्यात भीमाची काठी आणि धबधबे बघायला मुंबई-पुण्याची माणसं वर चढतात, आणि या डोंगरातली तरुण माणसं पोटासाठी वर्षभर मुंबईत असतात. महाड-पोलादपूरच्या आतल्या गावांची ही रीतच आहे. त्यामुळे इथल्या पहिलटकरणीचं गरोदरपणही दोन गावांत वाटलं जातं. दिवस राहतात तेव्हा ती मुंबईत नवऱ्याजवळ असते, नाव तिथल्या प्रसूतिगृहात घातलं जातं, पहिलं रक्त तिथे काढलं जातं. सातव्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि ती माहेरी येते.

गरोदरपणातला मधुमेह ओळखण्याची मुख्य वेळ आहे २४ ते २८ आठवडे, म्हणजे सहावा सरून सातवा लागतो तेव्हा. वारेतून निघणाऱ्या हार्मोन्समुळे तोवर इन्शुलिनचा प्रभाव कमी होत जातो, आणि ज्या बाईच्या स्वादुपिंडाला हा वाढता भार पेलत नाही तिची साखर वर जाते. नेमकी याच दिवसांत आपली पहिलटकरीण एसटीत बसलेली असते. मुंबईच्या कार्डावर पहिल्या भेटीचा आकडा असतो, आणि पुढची तपासणी व्हायच्या आत ती गाव बदलते. माहेरच्या दवाखान्यात कार्ड बघतात, साखरेपुढे काहीतरी लिहिलेलं दिसतं, आणि ती तपासणी झाली असं धरलं जातं. कुणाचीही चूक नसताना दोन दवाखान्यांच्या मधून एक तपासणी निसटते.

म्हणून या लेखात दोन विषय एकत्र घेतो आहे. गरोदर बाईच्या रक्ताच्या तपासणीवर जगभर एक मोठं संशोधन झालं, आणि मधुमेहात चोथ्याचं, म्हणजे अन्नातल्या तंतूंचं, काय काम असतं यावर दुसरं. दोन्हींची माणसं निराळी, परिषदा निराळ्या. पण कुडपणच्या बाईचं बोट आणि तिचं ताट एकाच घरात असतं. दोन्हीकडचं संशोधन शेजारी ठेवून वाचलं की मला एक गोष्ट ठळक दिसते: तपासणीमागून ताट आलं नाही तर तपासणी अर्धीच राहते, आणि ताट सुधारण्याची खरी वेळ तपासणीच्या बरीच आधी, दिवस राहण्यापूर्वीच येऊन गेलेली असते.

गरोदरपणात रक्त बऱ्याच कारणांनी काढतात: हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ब, कुठे सिकलसेल, कुठे थायरॉईड. शहरात आता आणखी एक तपासणी आली आहे. आईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे तुकडे फिरत असतात, हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं, आणि त्यावरून डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांचा अंदाज सुईच्या एका टोचणीत घेता येऊ लागला. शास्त्र म्हणून ते मोठंच आहे. त्यातून बाळाचं लिंगही कळू शकतं, म्हणून आपल्याकडे ते १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कक्षेत येतं. पण या तपासणीचा खर्च हजारांत आहे आणि ती ज्या दोषांसाठी आहे ते विरळ आहेत. साखर मात्र घरोघरची आहे, आणि ती तपासायला ग्लुकोजची एक पुडी पुरते.

ती तपासणी अशी. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात ढवळायचं आणि पाच-दहा मिनिटांत पिऊन टाकायचं. चव नुसती गोड नसते, घशाशी येणारी गोड असते. आधीच मळमळणाऱ्या बाईला शेवटचे दोन घोट जड जातात. मग दोन तास बाकावर बसायचं. दोन तासांनी रक्तातली साखर १४० किंवा त्याच्या वर निघाली तर गरोदरपणातला मधुमेह धरायचा. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. कुडपणहून आलेल्या बाईसाठी ‘दुसऱ्या दिवशी पुन्हा’ या तीन शब्दांत गाडीभाडं, सोबतीचं माणूस आणि बुडालेला रोज एवढं सगळं येतं. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही तपासणी पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत दुसऱ्यांदा करायची असते. उपाशीपोटी यायची अट नाही, आणि ती मुद्दाम ठेवलेली नाही. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आग्रह होता की लांबून येणाऱ्या बाईला ‘उद्या उपाशी ये’ सांगितलं तर ती येतच नाही. आली आहे तेव्हाच तपासा.

या सोयीची किंमत आहे, आणि तीही चेन्नईतूनच मोजली गेली. डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २०१४ मध्ये त्याच बायकांची तपासणी जेवलेल्या आणि उपाशी अशा दोन्ही स्थितींत केली. उपाशीपोटीच्या निकषांवर ज्या मधुमेही ठरल्या, त्यांच्यातल्या साधारण पाव बायकाच जेवल्यानंतरच्या तपासणीत सापडल्या. हा फरक मोठा आहे, आणि डॉक्टर मंडळींत त्यावर वाद होतो तो रास्त आहे.

‘योग्य आकडा कोणता’ या प्रश्नाचा इतिहासही सरळ नाही. १९६४ मध्ये बॉस्टनच्या जॉन ओ’सुलिव्हन आणि संख्याशास्त्रज्ञ क्लेअर माहन यांनी पहिले आकडे बसवले, ते आईला पुढे मधुमेह होईल का हे बघून. बाळाचं काय होतं हा त्यांचा निकष नव्हता. तो प्रश्न नीट विचारला २००८ मध्ये छापलेल्या ‘हापो’ या पाहणीने. नऊ देशांतल्या सुमारे २५,००० गरोदर बायकांची साखर मोजली आणि बाळंतपणं नोंदली. साखर जशी वाढते तसा धोका वाढत जातो. ‘इथवर ठीक, इथून पुढे आजार’ अशी रेघ निसर्गाने कुठेच मारलेली नाही, हे त्यातून कळलं. रेघ माणसांनी २०१० मध्ये मारली: उपाशीपोटी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३. त्या नऊ देशांत भारत नव्हता. ज्या देशात मधुमेहाचं ओझं इतकं आहे, तिथल्या केंद्रांतली एकही आई त्या मोजणीत नसावी याची खंत वाटते.

रेघ कुठेही असो, पकडलेल्या मधुमेहावर उपचार केल्याने फरक पडतो याबद्दल शंका राहिलेली नाही. २००५ मध्ये कॅरोलाइन क्राउथर यांच्या पाहणीत, मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या १,००० बायकांत, उपचार घेतलेल्या गटात बाळाच्या गंभीर गुंतागुंती ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आल्या. आणि उपचार म्हणजे पहिले दोन आठवडे गोळी नव्हे, इन्शुलिनही नव्हे. आपल्या सरकारी सूचनांतही पहिले दोन आठवडे आहारच बदलायचा आहे; तरीही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली राहिली नाही तरच औषध. म्हणजे पुडी प्यायल्यानंतरचं पहिलं औषध चुलीवरच तयार होतं.

माझं मत सांगायचं तर, डोंगरातल्या बाईसाठी झालेली कच्ची तपासणी ही न झालेल्या पक्क्या तपासणीपेक्षा बरी. पण तीत साखर नाही निघाली म्हणून निश्चिंत होऊ नये. जिच्या आईला किंवा बापाला मधुमेह आहे, जिचं आधीचं बाळ चार किलोच्या घरात होतं, तिला एक सकाळ उपाशी आणून पुन्हा बघावं. आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीएवनसीवर भिस्त ठेवू नये. महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी निम्म्याच्या आसपास रक्त कमी असलेल्या आहेत, आणि लोह कमी असलं की तो आकडा फसवा येतो.

तपासणीनंतर ताट; त्यासाठी आता पुणे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची पाहणी सुरू केली. लग्न झालेल्या, अजून गरोदर नसलेल्या बायकांपासून. शेतात राबणाऱ्या, बारीक बायका. बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा ती हलकी होतीच, पण हलकेपणा स्नायूंत होता. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. याज्ञिकांनी त्याला नाव दिलं: दिसायला बारीक, आतून चरबीचं बाळ. २००१ मध्ये याच पाहणीतून शोभा राव यांनी दाखवलं की गरोदरपणी पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. नुसत्या उष्मांकांचा तसा संबंध दिसला नाही. त्या बाळांच्या मागे ही मंडळी वर्षानुवर्षं राहिली. अठराव्या वर्षी तपासलं तेव्हा मुलग्यांतल्या ३७ टक्क्यांची आणि मुलींतल्या १८ टक्क्यांची साखर बिघडलेली निघाली, आणि त्या मुलांतली निम्मी वजनाने कमीच होती. ‘आमच्या डोंगरात कुणी जाड नाही, इथे कुठली साखर’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

पण कुडपणसाठी सगळ्यात जवळचं संशोधन मुंबईत झालं, आणि त्याची चर्चा मराठीत फारच कमी होते. २००६ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत डॉ. रमेश पोतदार, सिराजुल सहारिया आणि साउथॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांनी ‘सरस’ नावाचा प्रयोग केला. मूल होऊ द्यायचं ठरवलेल्या साडेसहा हजारांच्या घरातल्या बायका निवडल्या. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले आणि रोज एक ताजा खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. औषध नाही, गोळी नाही. खाऊ केंद्रावर येऊन खायचा, तोही दिवस राहण्याच्या आधीपासून बाळंत होईपर्यंत.

बाळाच्या वजनात सगळ्या बायकांचा मिळून ठळक फरक पडला नाही. ज्यांनी दिवस राहण्यापूर्वी किमान तीन महिने खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी मोठी होती. खरं आश्चर्य पुढे आलं. यांतल्या सुमारे हजार बायकांची ग्लुकोजची तपासणी झाली होती. त्यात बटाट्याच्या गटात १२.४ टक्के बायकांना गरोदरपणातला मधुमेह होता, पालेभाजी-फळं-दुधाच्या गटात ७.३ टक्के. २०१६ मध्ये हे छापून आलं. रोजच्या मूठभर खाऊने मधुमेह जवळजवळ निम्म्यावर आला. त्या वस्त्यांतल्या बायका म्हणजे कोकणातून, घाटावरून, सगळीकडून मुंबईत आलेल्या घरांतल्या बायका. पोलादपूरची सून तिथेच राहते. मला हा गेल्या वीस वर्षांतला आपल्याकडचा सगळ्यात आशा देणारा प्रयोग वाटतो. त्या खाऊतलं नेमकं काय उपयोगी पडलं, पानांतली जीवनसत्त्वं, दुधातली प्रथिनं की चोथा, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. खाण्याचं काम तसंच असतं, ते एकेकट्या घटकाने होत नाही.

चोथ्याची गोष्ट युगांडात सुरू होते. तिथे पूर्वी काम केलेले शस्त्रक्रियातज्ज्ञ डेनिस बर्किट आणि वैद्य ह्यू ट्रॉवेल यांनी १९७० च्या दशकात प्रश्न मांडला की इंग्लंडात भरभरून दिसणारे आजार, त्यांत मधुमेहही, तिथल्या खेड्यांत का दिसत नाहीत. त्यांचं बोट चोथ्याकडे वळलं. पाठोपाठ डेव्हिड जेन्किन्स यांनी गवारीच्या बियांचा डिंक मधुमेह्यांना जेवणातून दिला आणि जेवणानंतरची साखर कमी चढते हे दाखवलं. डिंकासारखा चोथा पोटात पाणी धरून दाट होतो, अन्न हळू पुढे सरकतं, साखर रक्तात एकदम उसळत नाही. जो पचत नाही तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य होतो आणि त्यांनी तयार केलेली आम्लं पुढे इन्शुलिनच्या कामाला हातभार लावतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९९० मध्ये मेथीचा प्रयोग केला; गुण आला, पण दिवसाला १०० ग्रॅम मेथीची पूड देऊन. एवढी मेथी कुणाच्या घरी रोज खाल्ली जात नाही, आणि गरोदर बाईने तर खाऊच नये. आपल्याकडे मेथीचे लाडू बाळंतपणानंतरच देतात, ती रीत शहाणी आहे.

२००० मध्ये मनीषा चांदलिया यांनी अमेरिकेत १३ मधुमेह्यांना सहा आठवडे रोज ५० ग्रॅम चोथ्याचं आणि सहा आठवडे २४ ग्रॅमचं जेवण दिलं. पूड नाही, साधी फळं, भाज्या, धान्यं. जास्त चोथ्याच्या दिवसांत साखर सुमारे १० टक्क्यांनी उतरली. तेराच माणसं होती हे खरं, पण २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या अँड्र्यू रेनॉल्ड्स यांनी १८५ पाहण्या आणि ५८ प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा दिवसाला २५ ते २९ ग्रॅम चोथा खाणाऱ्यांत मधुमेह, हृदयविकार आणि मृत्यू कमी, हेच दिसलं. गरोदरपणाचं थेट उत्तर अमेरिकेतल्या परिचारिकांच्या पाहणीत मिळतं. कुइलिन झांग यांनी २००६ मध्ये १३,००० हून अधिक बायकांचं दिवस राहण्यापूर्वीचं खाणं तपासलं: रोजच्या खाण्यात दर १० ग्रॅम चोथा वाढला की गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका २६ टक्क्यांनी कमी. ही नुसती पाहणी आहे, प्रयोग नाही. जास्त भाज्या खाणारी बाई इतरही बाबतींत जपून राहत असेल. तरी मुंबईचा प्रयोग तिच्या शेजारी ठेवला की दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

हे १० ग्रॅम डोंगरातल्या ताटात कसे मोजायचे? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात चोथा २.८ ग्रॅम, १०० ग्रॅम नाचणीत ११.२. एखादी बाई दिवसाला ३५० ग्रॅम तांदूळ खात असेल तर धान्यातून तिला साधारण १० ग्रॅम चोथा मिळतो. त्यातला १५० ग्रॅम तांदूळ काढून तेवढ्याच नाचणीच्या भाकऱ्या केल्या तर तो २२ ग्रॅमच्या वर जातो. वर कुळथाचं पिठलं आणि पावसाळ्यात टाकळा किंवा कुर्डूची भाजी आली की २५ सहज ओलांडले. नाचणी म्हणजे चमत्कार नाही हेही सांगायला हवं. गव्हाच्या न चाळलेल्या कणकेतही चोथा तितकाच असतो. भरडधान्यांच्या प्रयोगांची एकत्र मांडणी २०२१ मध्ये झाली, त्यात उपाशीपोटीची साखर १२ टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं, पण त्यातले बरेच प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचे होते. नाचणीचा खरा मान असा की ती या वरकस जमिनीत येते आणि इथल्या बाईला ती करता येते.

इथे एका गोष्टीपाशी थांबतो. गरोदर बाईला आणि बाळंतिणीला नाचणी द्यायची म्हटलं की कोकणात सत्त्व काढतात. नाचणी रात्रभर भिजवायची, वाटायची, जुन्या धुतलेल्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची. फडकं पिळताना बोटांमधून दाट पांढुरकं दूध भांड्यात उतरतं आणि फडक्यात तांबूस, खरखरीत गोळा राहतो. दुधाखाली बसलेला साका वाळवला की सत्त्व झालं. ते हलकं, लवकर पचणारं, बाळाच्या पोटाला उत्तम. तांबूस गोळा गुरांच्या पाटीत जातो. पण आपण एवढा वेळ ज्या चोथ्याबद्दल बोलतो आहोत तो त्या गोळ्यातच असतो! सत्त्वात उरतो तो मुख्यतः पिठूळ भाग, आणि तो साखर झपाट्याने चढवतो. बाळासाठी सत्त्व बरोबर आहे. साखर निघालेल्या आईसाठी भाकरी बरोबर आहे, तीही पीठ न चाळता. ‘नाचणी खा’ एवढंच सांगून सल्ला संपवला तर ती मायेने, कष्टाने, दूध-गूळ घालून सत्त्वच पिणार. सल्ला देणाऱ्याने एवढं पुढचं वाक्य बोललंच पाहिजे.

दुसरी अडचण लोहाची. चोथ्याच्या धान्यांत फायटेट असतं आणि ते लोह शोषू देत नाही. इकडे बाईचं रक्त आधीच कमी. यावर उपाय घरातलेच आहेत. नाचणीला मोड आणून दळली की फायटेट कमी होतं. जेवणात लिंबू किंवा आवळा असला की लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की ते वाया जातं. लोहाची गोळी भाकरीबरोबर न घेता दोन जेवणांच्या मध्ये घ्यावी.

नाचणी मागे पडली ती बायकांच्या आळसाने नव्हे. डोंगर उतारावर लावणी, बेणणी, कापणी, सगळं कंबर मोडणारं काम. करणारे हात मुंबईत गेले. उरलेलं पीक रानडुकरांनी आणि माकडांनी खाल्लं. आणि रेशनवर तांदूळ मिळू लागला. त्या तांदळाने उपासमार टाळली, त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवं. पण त्याच दुकानात, त्याच कार्डावर नाचणी मिळाली, आणि ती याच तालुक्यातून विकत घेतली गेली, तर एका खर्चात दोन कामं होतील.

असले प्रश्न मोठ्या शहरातच सुटतात असं मानायचं कारण नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले. समोर विंचू चावलेली मुलं मरत होती, आणि पुस्तकांत त्याचं धड उत्तर नव्हतं. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. १९८२ मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू कितीतरी खाली आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याजवळ होती ती वही, घड्याळ आणि जागरणाची तयारी. सातव्या महिन्यात माहेरी आलेल्या बायकांची साखर, त्यांचं ताट आणि पुढचं बाळंतपण अशी नोंदवही महाड-पोलादपुरात ठेवायलाही याहून जास्त काही लागत नाही.

बाळंतपणानंतर वार पडते, साखर बहुतेकींची खाली येते, आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण गरोदरपणी साखर निघालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सात ते दहा पट असतो. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सुमारे १,६०० अशा बायकांना बाळंतपणानंतर आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले: फरक पडला नाही. मांडीवर तान्हं मूल असलेल्या बाईला स्वतःच्या जेवणाकडे बघायला सांगणं किती अवघड आहे, हे त्यातून दिसतं. मुंबईच्या ‘सरस’मध्ये खाऊ आधीपासून आणि हातात दिला होता, इथे मुख्यतः शिकवण होती, तीही नंतर.

तरी नंतरची एक तपासणी चुकवता कामा नये. सरकारी सूचनांत ती सहा आठवड्यांनी आहे: पुन्हा ७५ ग्रॅम, पुन्हा दोन तास. सहा आठवडे म्हणजे सव्वा महिना उलटून बाईला घराबाहेर पडायची मोकळीक मिळते तो काळ. बाळाला पेंटाव्हॅलंटची पहिली लसही सहाव्या आठवड्यातच द्यायची असते, आणि त्यासाठी आई बाळाला घेऊन येतेच. बाळाची लस सहसा चुकवली जात नाही. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. आशाताईंनी बाळाच्या लसीच्या दिवशी आईच्या नावाचीही एक पुडी बरोबर ठेवावी, आणि बाळाला टोचण्याआधी तिला ती पाजावी. अर्धा तास ती तिथे बसणारच आहे. आणखी दीड तास बाळाला पाजत, पाठीवर थोपटत निघून जाईल.